मोबाइल नकाशात 'इथून काय काय दिसतं' हे मोजायचं कसं? (व्ह्यूशेड, डीईएम आणि आपला सह्याद्री)

कातळमाथा

नमस्कार मंडळी,

अँड्रॉइडसाठी ट्रेकचं एक छोटं ऑफलाइन नकाशा-अ‍ॅप लिहितोय. नकाशा, कंटूर, जीपीएक्स ट्रॅक हे सगळं सुरू आहे. आता एक सोय घालायची आहे. नकाशावर एका जागी बोट दाबून धरलं की त्या जागेवरून जेवढा भूभाग नजरेला पडतो तेवढा रंगायला हवा. यालाच व्ह्यूशेड म्हणतात. पीकफाइंडरसारखी अ‍ॅप समोरच्या डोंगरांची रेषा काढून त्यांची नावं सांगतात, ते काम वेगळं. मला वरून पाहिलेला नकाशाच हवा आहे: कुठली खिंड दिसते, कुठल्या वाडीचा दिवा दिसेल, कुठली घळ पूर्ण झाकलेली आहे.

डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डेटा, सध्या एसआरटीएम या रडार मोजणीचा वापरतोय. फाइल्स एक-सेकंदाच्या (सेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग), म्हणजे साधारण ३० मीटरची पेशी, आणि प्रत्येक पेशीला एक उंची. चाचणीसाठी राजगडाचा बालेकिल्ला घेतला, त्रिज्या ४० किलोमीटर. प्रत्येक पेशीपर्यंत सरळ रेषा टाकतो आणि वाटेत काही आडवं येतं का ते बघतो. पृथ्वीची वक्रता अजून धरलेली नाही.

दोन अडचणी आहेत. फोन तापतो आणि उत्तराला फार वेळ लागतो, ही पहिली. दुसरी जास्त सतावते. एका बाजूला पायथ्याची गावं पार गायब आहेत, आणि पूर्वेला लांबवर असे तुकडे रंगतात की त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. एका दिशेला तर तोरणासुद्धा दिसत नाही म्हणतंय! सुरुवात कुठून करू?

भूमापक

वेळेचं आधी बघू, कारण तो हिशेब सरळ आहे.

४० किमी त्रिज्येचा चौकोन म्हणजे ८० किमीची बाजू. ३० मीटरने भागा, एका बाजूला साधारण २,६६७ पेशी येतात. एकूण झाल्या ७१ लाख. प्रत्येक पेशीपर्यंत वेगळी रेषा आणि रेषेवर सरासरी ९०० पावलं धरली, तर सहाशे कोटींच्या वर तपासण्या होतात. फोन तापणारच. या पद्धतीला आर३ म्हणतात. अचूकतेत हिच्यावर कोणी नाही, पण ती इतर पद्धती पडताळायला ठेवावी, रोजच्या वापराला नाही.

तुम्ही आर२ करा. रेषा फक्त चौकोनाच्या कडेवरच्या पेशींपर्यंत टाकायच्या. अशा पेशी साधारण १०,७०० होतात, प्रत्येक रेषेवर १,३३३ पावलं, मिळून दीड कोटीच्या आत. निरीक्षकापासून बाहेर चालत जायचं, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा चढ लक्षात ठेवायचा. नव्या पेशीचा चढ त्याहून जास्त किंवा तेवढाच असेल तर ती दिसते, नाहीतर झाकलेली. चढ म्हणजे फक्त उंचीतला फरक भागिले अंतर. कोन काढायची गरज नाही, त्यामुळे त्रिकोणमितीची फंक्शन आतल्या लूपमध्ये बोलवू नका. जवळच्या पेशींवरून अनेक रेषा जातात. तिथे पेशीच्या मध्याच्या सगळ्यात जवळून गेलेल्या रेषेचं उत्तर धरा.

याहून वेगवान पद्धत एक्सड्रॉ. फ्रँकलिन आणि रे यांनी १९९४ मध्ये मांडलेली. निरीक्षकाभोवती एकेक कडं घेत बाहेर जायचं, आणि प्रत्येक पेशीचा अडथळा आतल्या कड्यातल्या दोन पेशींवरून अंदाजायचा. प्रत्येक पेशीला एकदाच हात लागतो. पण अंदाजावर अंदाज चढत जातो, आणि लांबच्या कड्यांवर जिथे झाकलं पाहिजे तिथे रंग पाझरतो. सह्याद्रीसारख्या धारदार सोंडांच्या मुलखात मी आर२ च वापरेन.

मेमरीचं एक बघा. ७१ लाख पेशी दोन-दोन बाइटच्या धरल्या तर १४ एमबी लागतात, फोनला ते काहीच नाही. पण त्या साध्या शॉर्टअ‍ॅरेमध्ये ठेवा. कॉटलिन भाषेच्या लिस्टमध्ये घातल्या की प्रत्येक आकड्याभोवती वस्तू तयार होते आणि सगळं फुगतं.

भटक्या_मावळ

कोडिंगमधलं कळत नाही, पण राजगड तोरणा पाठ आहे. बालेकिल्ल्यावर नेमकं कुठे बोट ठेवलंत? वाड्याच्या चौथऱ्यापाशी उभं राहिलं तर पायथ्याचं गुंजवणे दिसतच नाही, काठावर यावं लागतं. आपले डोंगर बेसाल्टचे, माथा सपाट आणि कडे तुटलेले. मध्यावर उभ्या माणसाला लांबचे माथे दिसतात, पण जवळची दरी दिसत नाही. तेव्हा गावं गायब होणं खरंही असू शकेल.

तोरणा न दिसणं मात्र अशक्य.

भूमापक

भटक्यांनी नेमकं बोट ठेवलं. तोरण्याचं उत्तर निरीक्षकाच्या शेजारच्या पेशीत आहे.

आकडे घालून बघा. बालेकिल्ला १,३७६ मीटर, तोरणा १,४०३ मीटर, मध्ये अंतर साधारण ७ किमी. म्हणजे तोरण्याचा माथा तुमच्या नजरेच्या पातळीपेक्षा जेमतेम ०.२ अंश वर. आता तुमच्यापासून दोन पेशी, म्हणजे ६० मीटरवर, डेटामध्ये उंची चुकून ५ मीटर जास्त आहे असं समजा. डोळ्याची उंची १.७ मीटर वजा केली तरी ३.३ मीटरची भिंत ६० मीटरवर उभी राहते, म्हणजे ३ अंशांहून जास्त. तोरणाच काय, त्या दिशेचं सगळं आकाशाखालचं जग झाकलं जातं.

आणि ५ मीटरची चूक एसआरटीएममध्ये काहीच नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांत रडारने केलेली ही मोजणी. ठरवलेली अचूकताच अशी की ९० टक्के ठिकाणी चूक १६ मीटरच्या आत असावी. ३० किमीवरच्या डोंगरात १६ मीटर कोणाला कळणार नाहीत. पायाजवळ तेच १६ मीटर अख्खी दिशा गिळतात.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करा. पहिल्या दोन पेशी अडथळा म्हणून धरू नका. बोट ठेवलेल्या जागेपासून ५० मीटरच्या आतली सगळ्यात उंच पेशी निरीक्षक म्हणून घ्यायची सोय द्या. आणि माथा सपाट असेल तर एका बिंदूऐवजी काठावरचे पाच-सहा बिंदू घेऊन त्यांची बेरीज दाखवा. 'गडावरून काय दिसतं' या प्रश्नाला माणसाला तेच उत्तर हवं असतं, कारण गडावर गेलेला माणूस एका जागी थांबत नाही, तटावरून फिरतो.

निशिगंधा

आता ते पूर्वेकडचे लांबचे तुकडे. ते बहुतेक वक्रता न धरल्यामुळे आहेत.

लांबचा भूभाग नजरेच्या रेषेखाली किती खचतो, हे अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीच्या त्रिज्येची दुप्पट असं निघतं. १० किमीला ८ मीटर. २० ला ३१. पुरंदर राजगडापासून साधारण ३१ किमी, तिथे ७५ मीटर. ५० किमीला १९६, आणि १०० किमीला ७८५ मीटर! अंतर दुप्पट झालं की घट चौपट, म्हणून जवळ तपासताना काहीच बिघडलेलं वाटत नाही.

यातून थोडं परत मिळतं. हवेची घनता वर जाताना कमी होते, त्यामुळे प्रकाशाचा किरण जमिनीकडे किंचित वाकतो (हेच वक्रीभवन) आणि आपण क्षितिजाच्या थोडं पलीकडे बघतो. नेहमीचा गुणक ०.१३, म्हणजे वरच्या घटीला ०.८७ ने गुणा. जीडीएएल या नकाशा-डेटाच्या सॉफ्टवेअरच्या व्ह्यूशेड साधनात मुळातच ०.८५७१४ ठेवलेला आहे, म्हणजे एकातून एक सप्तमांश वजा. दोन्ही चालतील. रेडिओ लहरींसाठी वापरणार असाल तर ०.७५, कारण त्या जास्त वाकतात.

उदाहरण म्हणून एक मोठी रेषा करून पाहिली. कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७ मीटर, अंतर साधारण १२७ किमी. वाटेत सप्तशृंगीची रांग येते, कळसूबाईपासून ९० किमीच्या आसपास. वक्रता धरली नाही तर नजरेची रेषा त्या रांगेवरून १,५९० मीटरवरून जाते. वक्रता आणि वक्रीभवन धरलं की तीच रेषा १,३६० च्या आसपास येते. २३० मीटरचा फरक! १,४०० मीटरचा एखादा माथा रेषेत आला तर पहिल्या हिशेबात साल्हेर दिसतो, दुसऱ्यात नाही.

जाता जाता, हे गणित भारतात फार जुनं आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले, तिथेच त्यांची कबर आहे. त्यांच्यानंतर एव्हरेस्ट यांनी सपाट मुलखात मनोरे बांधले आणि रात्री दिवे लावून निरीक्षणं केली. रात्री जमिनीलगतची हवा गार असते, किरण जास्त वाकतात, आणि दिवसा न दिसणारं ठाणं क्षितिजावर वर येतं. म्हणजे ०.१३ हा आकडा दिवसभर एकसारखा राहत नाही. सेटिंगमध्ये तो बदलता येऊ द्या.

कातळमाथा

भूमापक, निशिगंधाताई, दोघांचे मनापासून आभार. आर२ आणि ०.८७ दोन्ही बसवलं. तोरणा आला, पूर्वेचे संशयास्पद तुकडे गेले, आणि वेळ काही सेकंदांवर आला.

एक नवी शंका. निरीक्षकाची उंची डीईएममधून घेऊ की फोनच्या जीपीएसमधून? कळसूबाईवर फोन १,५८० च्या आसपास सांगतो. एवढी चूक जीपीएसची असेल असं वाटत नाही.

पल्लवी_वि

चूक नाही, ती वेगळ्या पातळीपासूनची उंची आहे. अँड्रॉइडचं नेहमीचं अल्टिट्यूड समुद्रसपाटीपासून नसतं, डब्ल्यूजीएस८४ च्या गणिती लंबगोलापासून असतं. आपल्याकडे समुद्रसपाटीची पातळी, म्हणजे जिऑइड, त्या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. म्हणून महाराष्ट्रात सगळीकडे फोन तेवढा कमी आकडा दाखवतो. अँड्रॉइड १४ पासून समुद्रसपाटीची उंची वेगळी मागता येते. जुन्या फोनसाठी जिऑइडची छोटी सारणी अ‍ॅपमध्येच ठेवा. आयफोन मुळातच समुद्रसपाटीची उंची देतो, त्यामुळे दोन्हीकडे एकच कोड चालवलंत तर एकीकडे व्ह्यूशेड बिनसेल.

तरीही माझं मत: निरीक्षकाची उंची डीईएमचीच धरा आणि त्यावर १.७ मीटर. आजूबाजूचा सगळा भूभाग त्याच डेटाचा आहे, तर पाय ठेवायची जागाही त्याचीच असावी. अपवाद सुळक्यांचा. लिंगाण्याचा माथा ३० मीटरच्या पेशीत मावतच नाही. आजूबाजूच्या उताराशी सरासरी होऊन तो बुटका होतो. तिथे वापरणाऱ्याला उंची हाताने वाढवता आली पाहिजे.

फाइल्सचंही सांगते. राजगडाभोवती ४० किमी घेतलं की चार फाइल्स लागतात: एन१८ई०७३, तिच्या पूर्वेची एन१८ई०७४, आणि दक्षिणेच्या दोन, एन१७ई०७३ आणि एन१७ई०७४. नावातले अंक नैऋत्य कोपऱ्याचे. प्रत्येक फाइल ३,६०१ बाय ३,६०१ ची, आणि शेवटची ओळ व स्तंभ शेजारच्या फाइलमध्ये पुन्हा येतात. जोडताना ते दोनदा धरू नका, नाहीतर सांध्यावर सगळं एका पेशीने सरकतं. वजा ३२,७६८ दिसलं तर ती उंची नव्हे, तिथे डेटा नाही. ती तशीच गणितात गेली तर डोंगराच्या पोटात अथांग विहीर तयार होते.

पेशी चौरसही नसते. आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण साधारण ३०.७ मीटर, पूर्व-पश्चिम २९.३. अंतर मोजताना दोन्ही वेगळे धरा.

अभय_के

मी हेच वेबवर करतोय, मॅपलिब्रे ही नकाशाची लायब्ररी वापरून. तिथे एसआरटीएमच्या एचजीटी फाइल्सऐवजी उंचीच्या टाइल्स येतात, म्हणजे नकाशाचे चौकोनी चित्र-तुकडे, ज्यांच्या रंगांत उंची साठवलेली असते. टेरेरियम पद्धतीत लाल गुणिले २५६, अधिक हिरवा, अधिक निळा भागिले २५६, आणि त्यातून ३२,७६८ वजा, की उंची मीटरमध्ये मिळते. त्या टाइल्स पीएनजीच ठेवा. जागा वाचवायला कोणी जेपीईजीसारख्या हानीकारक कॉम्प्रेशनमधून काढल्या तर लाल रंगात एका आकड्याचा फरक म्हणजे २५६ मीटरचा फरक. टाइल मोठी-लहान करतानाही आधी उंची काढा, मग सरासरी करा. रंगांची सरासरी म्हणजे उंचीची सरासरी नाही.

लांबच्या भागाला झूमच्या १२ पातळीच्या टाइल पुरतात, आपल्याकडे पिक्सेल ३६ मीटरचा पडतो. २५ किमीच्या पुढे मी ११ पातळी वापरतो. पण तिथे एक मेख आहे: चार पेशींची एक करताना सरासरी घेतली की धारेची उंची झिजते आणि मागचं जास्त दिसायला लागतं. सगळ्यात मोठी उंची घेतली तर उलट होतं. मी अडवणाऱ्यासाठी मोठी आणि दिसणाऱ्यासाठी सरासरी घेतो. त्यात चूक झालीच तर ती 'दिसत नाही' च्या बाजूने होते.

भटक्या_मावळ

राजगडाच्या सुवेळा माचीच्या नेढ्यातून, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातून, पलीकडचं दिसेल का तुमच्या अ‍ॅपमध्ये?

पल्लवी_वि

नाही दिसणार. डीईएममध्ये एका पेशीला एकच उंची, त्यामुळे नेढं भरून निघतं आणि अख्खा कातळ सलग भिंत होतो. रतनगडाच्या नेढ्याचं तेच. कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे, तोही डेटामध्ये साधा तुटका उतार होतो. अशा जागी नकाशावर खूण करून 'इथे हिशेब चालत नाही' असं सरळ लिहावं.

खिंडवाट

मी शोध-बचावाच्या कामात स्वयंसेवक म्हणून जातो. हा धागा बघून राहवलं नाही.

आम्हाला याची उलटी बाजू लागते. वाट चुकलेल्या मुलाचा फोन येतो, लोकेशन पाठवता येत नाही, बॅटरी संपत आलेली. आम्ही विचारतो, काय दिसतंय? तो सांगतो, खाली धरणाचं पाणी दिसतंय, आणि डावीकडे लांब एका देवळाचा दिवा. अशा वेळी देवळापासून व्ह्यूशेड काढायचा, धरणाच्या पाण्यावरच्या बिंदूंपासून काढायचा, आणि दोन्हींत येणारा भाग तेवढा शोधायचा. कागदी नकाशावर हे डोक्यात करतो आम्ही, आणि रात्री बारा वाजता ते सोपं नसतं. फोनवर झालं तर तुकड्या कुठल्या घळीत पाठवायच्या ते लवकर ठरेल.

हे होईल का?

भूमापक

होईल, आणि या धाग्यातला सगळ्यात मोलाचा उपयोग हाच आहे. पण उलटा हिशेब करताना उंच्यांची अदलाबदल करायला विसरू नका.

'अ' वरून 'ब' दिसतो तर 'ब' वरून 'अ' दिसणारच, हे खरं आहे, पण तेच दोन बिंदू असतील तर. नेहमीच्या व्ह्यूशेडमध्ये निरीक्षक जमिनीपासून १.७ मीटरवर आणि समोरची पेशी शून्यावर असते. तसंच देवळापासून चालवलं तर उत्तर 'देवळाशी उभ्या माणसाला कुठली जमीन दिसते' याचं येतं. तुम्हाला हवंय 'कुठल्या माणसाला दिवा दिसतो'. म्हणून निरीक्षकाची उंची दिव्याची ठेवा, देवळाच्या शिखरावर दिवा असेल तर ८-१० मीटर, आणि समोरच्या प्रत्येक पेशीवर १.७ मीटर चढवा. सोंडेच्या किंचित पलीकडे बसलेल्या माणसासाठी हाच फरक निर्णायक ठरतो.

धरणासाठी पाण्यावरच्या बऱ्याच बिंदूंची बेरीज घ्या, कारण त्याला पाण्याचा कुठला कोपरा दिसतोय ते माहीत नाही. मग ती बेरीज आणि देवळाचा पट्टा यांचा छेद. एक सावधगिरी: ज्या धरणात पाणी २००० नंतर अडलं, तिथे एसआरटीएममध्ये अजून जुनी दरीच आहे. पाण्याची पातळी हाताने घाला, किंवा कोपर्निकसचा ३० मीटरचा डेटा वापरा. तो २०११ ते २०१५ च्या उपग्रह मोजणीवर आधारलेला आहे.

खिंडवाट

समजलं. माझ्या अनुभवातून एक जोडतो. 'दिसतंय' यावर भरवसा ठेवा, 'दिसत नाही' यावर ठेवू नका. मुलगा म्हणाला गावाचे दिवे दिसत नाहीत, तर समोर कारवीचं रान असेल, धुकं असेल, गावात लाइट गेली असेल. ते कारण धरून कुठलाही भाग शोधातून वगळायचा नाही.

पल्लवी_वि

झाडांचा मुद्दा डेटाच्या बाजूनेही आहे. एसआरटीएम आणि कोपर्निकस दोन्हींमध्ये रडारला जे वरून लागलं ते पृष्ठ मोजलेलं आहे, त्यात झाडोऱ्याचा बराच भाग येतो. देवराईत बोट ठेवलंत तर अ‍ॅप तुम्हाला झाडांच्या शेंड्यावर उभं करून दूरदूरचं दाखवेल. प्रत्यक्षात तुम्ही खाली सावलीत असता आणि दहा पावलांपलीकडचं दिसत नाही.

म्हणून माझी आग्रहाची विनंती. हो-नाहीचे दोन रंग देऊ नका. पीटर फिशर यांनी १९९० च्या दशकातच दाखवलं होतं की उंचीतल्या चुकीमुळे व्ह्यूशेडच्या कडा डळमळतात आणि उत्तर शक्यतेच्या रूपात द्यावं. फोनवर शेकडो वेळा गणित फिरवायची गरज नाही. रेषेवर चालताना प्रत्येक पेशीसाठी एक आकडा साठवा: इथे किती मीटर उंच उभं राहिलं असतं तर दिसलं असतं. शून्याच्या बरंच खाली म्हणजे नक्की दिसतं, वीसच्या वर म्हणजे झाकलेलं, आणि मधला पट्टा फिका. जीडीएएलचं साधनही मागितलं तर हीच किमान उंची देतं. बचावाच्या कामात तो फिका पट्टा 'इथेही शोधा' असंच सांगेल.

कातळमाथा

हे पटलं, आणि कोडमध्ये फार बदलही नाही. एका बिटऐवजी एक शॉर्ट साठवायचा, बस.

तर आता असं करतोय. निरीक्षक डीईएमवर, ५० मीटरच्या आतल्या उंच पेशीवर सरकवायची सोय, पहिल्या दोन पेशी अडथळ्यातून वगळलेल्या. १० किमीपर्यंत ३० मीटरची पेशी, पुढे त्याहून मोठी, अडवणाऱ्यासाठी मोठी उंची. वक्रीभवन ०.१३, बदलता येणारं. रंग तीन: गडद, फिका, आणि काहीच नाही. 'कोणाला हे दिसेल' असा उलटा प्रकार वेगळ्या बटणावर, त्यात दोन्ही टोकांची उंची आधी विचारली जाईल, आणि अनेक खुणांचा छेद काढता येईल. सगळं ऑफलाइन, कारण जिथे गरज लागते तिथे रेंज नसते.

खिंडवाट दादा, उलट्या प्रकाराची चाचणी तुमच्या तुकडीसोबत करायची आहे. दिवसाउजेडी, एखाद्या ओळखीच्या गडावर: एकाने ठरलेल्या घळीत जाऊन बसायचं, फोनवर फक्त काय दिसतं ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी छेद काढून त्याला शोधायचं. चालेल का?

खिंडवाट

चालेल. पावसाळा सरल्यावर करू, तेव्हा हवा धुतलेली असते आणि लांबचं खरोखर दिसतं. उन्हाळ्यात धुरकटामुळे तुमचा नकाशा बरोबर असूनही माणूस 'काही दिसत नाही' म्हणेल. एक रात्रीची फेरीही ठेवू. आम्हाला येणारे फोन बहुतेक अंधार पडल्यावरचे असतात, आणि तेव्हा दिसणाऱ्या खुणा म्हणजे फक्त दिवे. गावातल्या मंडळींशी बोलून कोणता दिवा कुठे, किती उंचीवर, याची यादी मी करून ठेवतो.